मुंबई एक ठिपका नाही: पैशाच्या वळशांच्या नोंदी

१६ जून २०२५

पावसाने धरलंय आणि कॉलेजला अजून वेग नाही, त्यामुळे हे काम आता सुरू करतेय. प्रश्न साधा आहे. आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या वाड्यांमधून माणसं मुंबईला जातात, पैसे परत येतात, हे कोकणातल्या पोरालाही माहितीये, पण या जाण्यायेण्याचा आकार काय आहे? किती माणसं, किती रुपये हा वेगळा प्रश्न, मला आकार हवाय. आणि आकार मोजायचं गणित म्हणजे टोपॉलॉजी, जे मी वर्गात शिकवते आणि मुलं विचारतात की मॅडम याचा उपयोग काय.

आकडे काय सांगतात ते आधी लिहून ठेवते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ला १६,९६,७७७ होती, २०११ला १६,१५,०६९ झाली, म्हणजे दहा वर्षांत कमी झाली. सिंधुदुर्गाचंही तेच, ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. रत्नागिरीत २०११ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. या आकड्यांवरून एवढंच कळतं की पुरुष बाहेर आहेत. ते कुठल्या कुठल्या वाटांनी घराशी जोडलेले आहेत आणि एक वाट बंद झाली तर दुसरी आहे का, हे यातून कळत नाही.

सामान काय आहे: ग्रामस्थ मंडळाच्या मुंबई शाखेची वर्गणीची पावतीपुस्तकं (मंडळाने परवानगी दिलीय, अट एवढीच की नावं घ्यायची नाहीत, फक्त वाडी आणि मुंबईतला राहण्याचा भाग), जनगणनेची स्थलांतराची कोष्टकं, आणि बंदरावरच्या एका बोटमालकाने दाखवलेली खलाशांच्या उचलीची वही.

२२ जून

पहिला ग्राफ काढला. ठिकाण म्हणजे ठिपका, पैसे गेले की रेघ. १७३६ साली ऑयलर या गणितज्ञाने कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं सोडवताना हेच केलं होतं, अंतरं आणि दिशा सोडून दिल्या आणि फक्त कोण कुणाशी जोडलेलं आहे तेवढं ठेवलं.

ग्राफमध्ये दोन गोष्टी मोजता येतात. किती वेगळे तुकडे आहेत, आणि किती स्वतंत्र वळसे आहेत, म्हणजे निघालो तिथेच दुसऱ्या वाटेने परत येता येईल अशा किती वाटा. वळशांचं सूत्र सोपं आहे: रेघा वजा ठिपके अधिक तुकडे. समजा पाच वाड्या आहेत आणि प्रत्येकीची एकच रेघ, मुंबईला. ठिपके ६, रेघा ५, तुकडा १. ५ − ६ + १ = ०. वळसा एकही नाही, गणितात याला झाड म्हणतात, आणि झाडाचा गुण असा की कुठलीही एक रेघ काढा, तुकडा सुटलाच.

हे कागदावर लिहिताना १८ जानेवारी १९८२ डोक्यात होतं. गिरणी संप. अडीच लाखाच्या आसपास कामगार, आणि त्यात आमच्या पट्ट्यातली किती घरं. लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्यांमध्ये पाळीपाळीने झोपणारी माणसं, खानावळ, आणि दर महिन्याची मनीऑर्डर, हीच ती एक रेघ. आजी सांगायची की पोस्टमन यायचा थांबला तेव्हा वाडीतल्या दुकानाची उधारीची वही भरून दुसरी घ्यावी लागली. पैसा कमी होणं वेगळं आणि रेघ तुटणं वेगळं, झाड असेल तर दुसऱ्याचीच भीती जास्त.

५ जुलै

आता फक्त आहे-नाही एवढं धरून भागत नाही. कुणी वर्षाला पाचशे देतो, कुणी महिन्याला दहा हजार पाठवतो, दोघांना सारखी रेघ दिली तर चित्रात सगळंच सगळ्याशी जोडलेलं दिसेल. मग किती रकमेच्या वरची रेघ धरायची? हजार? पाच हजार? कुठलाही आकडा घेतला तरी तो माझ्या मर्जीचा.

टोपॉलॉजीत पर्सिस्टंट होमॉलॉजी नावाची पद्धत आहे, तिचं सगळं म्हणणंच हे आहे की एक आकडा निवडूच नका, सगळे घ्या. भाट्याच्या किनाऱ्याला ओहोटी लागताना उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं: भरतीला फक्त उंच खडकांची टोकं वर असतात, पाणी उतरू लागलं की टोकं एकमेकांना जोडली जातात, मग खडकांच्या मध्ये पाणी अडकून डबकी होतात, आणि अजून उतरलं की त्या डबक्यांचा तळही उघडा पडतो. कुठलं डबकं कधी तयार झालं आणि कधी आटलं याची नोंद ठेवायची. जे लगेच आटलं ते किरकोळ, जे खूप वेळ टिकलं ती त्या किनाऱ्याची खरी घडण. इथे पाण्याची पातळी म्हणजे रकमेची मर्यादा, मोठ्या रकमेपासून सुरू करून खाली खाली यायचं, तुकडे जोडले जातात, वळसे तयार होतात, मग भरले जातात. प्रत्येक वळशाची एक आडवी पट्टी निघते, जन्मापासून भरेपर्यंत. एडेल्सब्रुनर, लेचर आणि झोमोरोडियन यांनी २००० ते २००२च्या सुमारास याची मोजणी करायची पद्धत बसवली, आणि आता रिप्सर नावाचा प्रोग्राम साध्या लॅपटॉपवर ती करून देतो.

भरला जातो म्हणजे काय ते नीट लिहायला हवं. तीन ठिकाणं एकमेकांशी जोडली गेली की नेहमीच्या पद्धतीत त्यांच्यामधला त्रिकोण आपोआप भरलेला धरतात, त्यात पोकळी उरत नाही. चार ठिकाणांचा वळसा असेल आणि समोरासमोरच्यांचा एकमेकांशी व्यवहार नसेल तर मध्ये पोकळी राहते. म्हणजे पोकळी तिथे आहे जिथे पैसा गोल फिरतोय पण त्या गोलातल्या कुठल्याच ठिकाणाचा बाकी सगळ्यांशी थेट व्यवहार नाही.

६ जुलै

अंतर कसं धरायचं ते ठरवलं. पाठवणाऱ्याच्या एकूण रकमेतला वाटा घ्यायचा, आणि त्याचा उणे लॉग (लॉगरिदम) म्हणजे अंतर, वाटा मोठा तर अंतर कमी. दोन्ही दिशांनी पैसा असेल तर मोठा वाटा धरायचा. किलोमीटरचा संबंध नाही. आमच्या वाडीला तालुक्याच्या देवरुखपेक्षा नालासोपारा जवळ आहे आणि हे वाडीतलं कुणीही मान्य करेल.

१९ जुलै

आज मुद्दाम मुंबई हा एकच ठिपका ठेवून चालवून बघितलं, जनगणनेच्या कोष्टकांत असतो तसा. वळशांच्या पट्ट्या जवळजवळ शून्य. कारण स्पष्ट आहे आणि ते सिद्धही करता येतं: मुंबई सगळ्यांशी सगळ्यात घट्ट जोडलेली, त्यामुळे कुठल्याही दोन वाड्यांमध्ये रेघ आली की मुंबईला धरून त्रिकोण होतो आणि तो लगेच भरतो. सगळा आकार मुंबई नावाच्या एका टोकाचा शंकू होतो, आणि शंकूत पोकळी नसते, तो एका बिंदूपर्यंत आक्रसता येतो. त्याखाली कितीही गुंतागुंत असू दे, वरचं टोक सगळं बुजवून टाकतं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतंय. सरकारी कोष्टक असो, पेपरातला लेख असो, कोकण आणि मुंबई ही जोडी नेहमी दोन ठिपक्यांची असते. एकदा तसं धरलं की आपल्या हातात फक्त एक रक्कम उरते, किती आली. परदेशच्या पैशाचंही तेच. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०१६-१७ला परदेशातून येणाऱ्या पैशात केरळचा वाटा १९ टक्के आणि महाराष्ट्राचा १६.७, आणि २०२०-२१ला महाराष्ट्र ३५.२ आणि केरळ १०.२. पण महाराष्ट्र हा एवढा मोठा ठिपका आहे की कुवेतहून मुंबईच्या खात्यावर येऊन तिथून खेडला किंवा मंडणगडला गेलेला पैसा त्यात वेगळा दिसतच नाही.

म्हणून मुंबई फोडली. लालबाग-परळ, भांडुप-विक्रोळी, कांदिवली-मालाड, नालासोपारा-विरार, दिवा-डोंबिवली, आणि वाशीचं मार्केट वेगळं. ही विभागणी माझी नाही, मंडळाच्या पावत्यांवर वसुलीसाठी असेच गट पाडलेले आहेत. आणि त्यात इतिहासही दिसतो, गिरण्या गेल्या तशी माणसं लालबागमधून वर विरारकडे आणि पलीकडे दिव्याकडे सरकत गेली.

३ ऑगस्ट

बंदरावर जाऊन आले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कालपरवा बोटी सुटल्या. खलाशी नेपाळचे, कर्नाटकातले, आंध्रातले. बोटमालकाच्या वहीत महत्त्वाचा शब्द उचल. सीझनच्या आधी पैसा जातो, माणूस नंतर येतो. हापूसच्या बागेतही हेच आहे, वाशीचा दलाल बागायतदाराला आगाऊ देतो, बागायतदार राखणीच्या नेपाळी कुटुंबांना देतो, आंबा मार्च ते मे. म्हणजे ज्या जिल्ह्यातून माणसं बाहेर जातात त्याच जिल्ह्यात बाहेरून माणसं येतात. रॅव्हन्स्टाइन या भूगोलतज्ज्ञाने १८८५ला ब्रिटनच्या जनगणनेवरून लिहून ठेवलंय की स्थलांतराच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो. त्याचा उलटा प्रवाह म्हणजे माणसं जिथे जातात तिथूनच उलट येणारे, आमच्याकडे तिसरीकडून आलेलेही आहेत.

एक अडचण आहे. या रेघा महिन्यागणिक येतात आणि जातात. ओहोटीसारखं एकाच दिशेने उतरत जाणं इथे चालत नाही, रेघ जूनमध्ये पुसली जाते आणि ऑगस्टमध्ये परत उमटते. यासाठी झिगझॅग पर्सिस्टन्स आहे, कार्लसन आणि डी सिल्वा, २०१०. त्यात भर आणि वजाबाकी दोन्ही चालतात. बंदराचा भाग वेगळा ठेवून त्याने करणार, वाड्यांचं काम आधी.

३१ ऑगस्ट

गावाला आलेय. २७ला गणपती बसले, आज गौर आली. घरात पाय ठेवायला जागा नाही, सगळे चाकरमानी आलेले, आणि त्यांच्याइतक्याच महत्त्वाच्या म्हणजे माहेरवाशिणी आलेल्या. नवीन लग्न झालेल्यांचे ओवसे आहेत.

मंडळाच्या मीटिंगमध्ये बसले, रकमा तपासून घेतल्या. पण खरं काम झालं ते रात्री मागच्या पडवीत, भाज्या निवडताना. पावत्या सगळ्या पुरुषांच्या नावाने आहेत. बायकांना विचारलं की गेल्या वर्षी अडचण आली तेव्हा पैसे कुठून आले, तर पावत्यांमध्ये कुठेच नसलेल्या रेघा निघायला लागल्या. एक वहिनी म्हणाली, "अगं सासऱ्यांच्या ऑपरेशनला यांच्याकडून आले ते पुरले नाहीत, मग मी आईला फोन केला, आईने माझ्या भावाला, आणि भाऊ नालासोपाऱ्याला, त्याने दिव्याला यांच्याच हातात नेऊन दिले." तिला हा सगळा वळसा अगदी सहज माहीत होता कारण ती त्याच्या मधोमध होती, आणि नवऱ्याला तो "मेव्हण्याने मदत केली" एवढाच माहीत.

मांडून बघितलं: माहेरची वाडी, नालासोपारा, दिवा, सासरची वाडी, परत माहेर. चार ठिपके, चार रेघा, समोरासमोर काही नाही. माहेरच्या वाडीचा दिव्याशी थेट व्यवहार नाही आणि सासरच्या वाडीचा नालासोपाऱ्याशी नाही. पोकळ वळसा, नेमका तोच जो मी शोधतेय. आणि चारपैकी सासर-माहेर ही रेघ त्या मुलीच्या लग्नामुळे आहे. जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न असतं, आणि म्हणूनच पैशाचा अभ्यास करणारे ते कोष्टक बाजूला ठेवतात, ते कामासाठीचं स्थलांतर नाही म्हणून. मला तर आता वाटतंय की वळसे बांधणारं स्थलांतर हेच आहे, नोकरीसाठी गेलेला एक माणूस फक्त एक फांदी काढतो.

१२ सप्टेंबर

परत आल्यावर नवीन रेघा घालून चालवलं. दोन वाड्या शेजारी ठेवल्या, घरामागे मुंबईतून येणारी रक्कम जवळपास सारखी. एकीचे चाकरमानी जवळजवळ सगळे एकाच भागात, एकाच प्रकारच्या कामात, आणि लग्नंही जवळच्याच वाड्यांत जमलेली. तिथे लांब पट्टी एकही नाही, झाड. दुसरीच्या मुली लांबलांब दिलेल्या, खाडीपलीकडे, एक-दोन राजापूरकडे, आणि तिचे वळसे लांब टिकतात, म्हणजे मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत पोकळी भरत नाही.

मार्च २०२०ची लॉकडाऊनची आठवण दोन्हीकडे विचारली होती. पहिल्या वाडीत सगळ्यांचे पैसे एकाच महिन्यात थांबले आणि उसनं मागायला जायचं तर शेजारीही त्याच अवस्थेत. दुसरीकडेही थांबले, त्रास झालाच, शाळेत क्वारंटाइन झालेली माणसं तिथेही होती, पण काही घरांना माहेरच्या बाजूने तांदूळ आणि पैसे आले. दोन वाड्यांवरून नियम काढणार नाही. पण रकमेच्या तक्त्यात या दोन वाड्या जुळ्या दिसतात आणि आकारात नाही, एवढं मी ठामपणे म्हणू शकते.

बचत गट आणि भिशी वेगळे धरावे लागले. दहा बायका एकत्र बसून एकाच डब्यात पैसे टाकतात, तो दहा जणींचा भरलेला एकच घट्ट तुकडा, सगळ्यांना सगळं माहीत. त्याउलट तिघांनी जोडीजोडीने एकमेकांना उसने दिले तर त्रिकोण आहे पण मधला भाग भरलेला नाही. रिप्सर दोन्ही सारखेच भरून टाकतो. म्हणून आता इन्रिया या फ्रेंच संशोधन संस्थेची गुढी (GUDHI) ही प्रोग्राम लायब्ररी वापरून त्रिकोण स्वतः हाताने घालतेय, तिघे खरंच एका हिशोबात बसत असतील तरच भरायचा. वेळ जातो पण इथे शॉर्टकट नको.

२८ सप्टेंबर

दिशेचा प्रश्न. पट्ट्यांमध्ये पैसा कुठून कुठे गेला हे हरवतं. त्यासाठी हॉज विघटन, म्हणजे प्रवाहाचे भाग पाडायची पद्धत. १९४४ला एकमानने हॉज या गणितज्ञाचं काम ठिपके, रेघा आणि त्रिकोणांनी बनलेल्या आकारांवर आणलं, आणि २०११ला जियांग, लिम, याओ आणि ये यांनी ते क्रमवारी लावायला वापरलं. मूळ गोष्ट अशी की ग्राफवरचा कुठलाही प्रवाह तीन भागांत एकाच प्रकारे सुटतो: वरून खाली उतरणारा, भरलेल्या त्रिकोणांभोवती फिरणारा, आणि पोकळीभोवती फिरणारा.

एक छोटं उदाहरण मुलांना दाखवायला केलंय, आकडे समजुतीचे. चाकरमानी घरी १० हजार पाठवतो, घर गावच्या दुकानात ७ देतं, दुकानदार वाशीच्या घाऊक व्यापाऱ्याला ६ देतो, आणि व्यापारी चाकरमान्याला ९ पगार देतो. चार रेघांची सरासरी (१० + ७ + ६ + ९) ÷ ४ = ८. हा ८ हजार म्हणजे पोकळीभोवती फिरणारा भाग. उरले +२, −१, −२, +१, बेरीज शून्य, हा उतरणारा भाग. आणि कुणाकडे किती साठलं ते सगळं या उरलेल्यातच आहे: घरात ३, दुकानात १, व्यापाऱ्याकडून ३ बाहेर गेले, चाकरमान्याकडून १. म्हणजे आपण "गावाला मुंबईकडून पैसा मिळतो" म्हणतो तो फक्त उतरणारा भाग, आणि फिरणारा ८ हजार कुणाच्याच जमाखर्चात नफा किंवा तोटा म्हणून दिसत नाही, तरी चौघांची रोजची चूल त्याच्यावर आहे. तो थांबला तर साठा किती होता याने फार फरक पडत नाही.

वर्गात मुलं गप्प झाली, मग एक मुलगी म्हणाली की आमचं दुकान आहे मॅडम, हे असंच आहे.

२५ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीत चुकांची मर्यादा बघितली. लोक रक्कम अंदाजे सांगतात, "दहा-बारा हजार असतील". स्थिरतेचं प्रमेय (कोहेन-स्टाइनर, एडेल्सब्रुनर, हेरर, २००७) इथे कामाला येतं: अंतरांमध्ये जास्तीत जास्त जेवढी चूक, त्यापेक्षा जास्त पट्ट्यांची टोकं हलत नाहीत. मी लॉग घेतलाय, त्यामुळे वाट्याच्या आकड्यात १० ऐवजी १२ची चूक म्हणजे लॉग १.२, साधारण ०.१८. ज्या पट्ट्या याच्या दुपटीपेक्षाही बऱ्याच लांब आहेत त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, आखूड पट्ट्यांवर मी काहीच म्हणणार नाही.

पण हे प्रमेय चुकीच्या रकमेला सांभाळतं, न सांगितलेल्या रेघेला नाही. रेघच नोंदली नाही तर तिथलं अंतर अनंत धरलं जातं, आणि ती चूक ०.१८ची नाही. यूपीआय २०१६ला आलं तरी हातोहात जाणारा पैसा भरपूर आहे, गावाला निघालेल्याच्या खिशात, रातराणीच्या ड्रायव्हरकडे पाकिटात, लग्नात आहेराबरोबर. नेमके तेच पैसे सासर-माहेरच्या रेघेवरचे असतात.

आणखी एक गोष्ट मंडळातल्या काहींना समजावून सांगावी लागली, की पोकळी म्हणजे उणीव नव्हे आणि वळसा म्हणजे श्रीमंतीही नव्हे. सावकारी कर्जाचाही वळसा असतो. उचल फिटली नाही म्हणून दरवर्षी त्याच बोटीवर येणारा खलाशी, त्याची पट्टीही लांबच येईल. आकार बघून झाला की त्या वळशावरच्या माणसांना जाऊन विचारावंच लागतं.

९ नोव्हेंबर

बंदराचा झिगझॅग सुरू केलाय. अपेक्षेप्रमाणे जून-जुलैत बंदर वाड्यांपासून सुटतं, पण पूर्ण नाही. जाळी विणण्याची आणि सुकट विकण्याची कामं बायकांकडे आहेत आणि त्या पैशाने एक बारीक रेघ चालू राहते. बागांकडे नेपाळी कुटुंबं यायला लागलीत, त्यांच्याशी बोलून पुढचा भाग भरायचाय, नेपाळच्या त्यांच्या गावातही एकाच ठिकाणाहून सगळे आलेत का हे विचारायचंय, कारण तसं असेल तर तिकडचं चित्रही झाडाचंच असेल.

मंडळाच्या खजिनदार काकांना दोन वाड्यांची चित्रं दाखवली. बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "आपल्या वाडीचे सगळे एकाच बाजूला गेले, हे मला माहीत होतं गो, पण पावतीत ते कधी दिसलं नाही." त्यांनी विचारलं की पुढे नोंद नीट व्हायला काय पाहिजे. मी सांगितलं, पावतीवर अजून दोन रकाने: पैसे कुणामार्फत आले, आणि घरातल्या कुणाच्या ओळखीने. शिमग्याच्या आधी नवीन पावतीपुस्तकं छापायला टाकायची आहेत, त्यात हे दोन्ही रकाने घालायचं ठरलं. दुसऱ्या रकान्यात बाईचं नाव असेल तर तेच लिहायचं, नवऱ्याचं नाही, हे त्यांनी स्वतःहून सुचवलं. माझ्या फाइलमध्ये मात्र तिथेही फक्त वाडीच येणार, नाव नाही.